सायाळपंतांचं न हललेलं गवत

एका जंगलात एक डोंगर होता. मुलं चित्रात काढतात तसा टोकदार नव्हता. त्याचं डोकं सपाट होतं. कुणीतरी वरचा तुकडा सुरीने कापून नेल्यासारखं. पूर्वेकडे ते डोकं किंचित चढत जाई आणि एका काळ्या खडकाशी संपे. खडकाच्या वर काही नव्हतं. आभाळ होतं, पण ते सगळीकडेच असतं.

त्या सपाट डोक्यावर झाडं नव्हती. फक्त गवत होतं, घोट्याएवढं. पावसाळ्यात ते धुक्यात बुडून जाई. थंडीत त्याच्यावरचं दव गोठून पांढरं होई. खालच्या रानातले प्राणी त्या पठाराला 'टक्कल' म्हणत. मुलांनो, टकलावरही बरंच काही चाललेलं असतं. पण ज्यांना अजून टक्कल पडलेलं नाही, त्यांना हे पटत नाही.

या पठारावर सायाळपंत राहत. सायाळ म्हणजे साळिंदर, पाठभर लांब काटे असलेला प्राणी. पंत फार शिकलेले होते. इतके शिकलेले, की त्यांना कुठल्याच गोष्टीची खात्री उरली नव्हती. कमी शिकलेल्याला विचारलं, "उद्या ऊन पडेल का?" तर तो म्हणतो, "पडेल." पंतांना विचारलं, तर ते आधी 'ऊन' कशाला म्हणायचं ते विचारत.

काळजी वाटली की पंतांचे काटे उभे राहत आणि एकमेकांवर आपटून खडखडत. पंतांना काळजी सदाच वाटे. त्यामुळे ते कुठे आहेत हे साऱ्या पठाराला ऐकू येई. इतर साळिंदरं रात्री हिंडतात आणि दिवसा झोपतात. पंतांना दोन्ही वेळा झोप येत नसे.

पंतांच्या आयुष्याचं काम म्हणजे एक चौकोन. सात पावलं लांब, सात पावलं रुंद, चार कोपऱ्यांना चार पांढऱ्या गारगोट्या. दर मार्गशीर्षात पंत त्या चौकोनात शिरत आणि गवताची काडी न् काडी मोजत. मग आपलाच गळलेला काटा शाईत बुडवून आकडा झाडाच्या सालीवर लिहून ठेवत. चौकोनात दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही असा कडक नियम होता. मुंगी दिसली, तर पंत तिची क्षमा मागून तिला बाहेर नेऊन सोडत.

पंतांच्या गुरूंनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती : गवताचा अभ्यास गवतातच करावा. पंत ती मनापासून पाळत. तिसऱ्या वर्षी चौकोनाच्या खालच्या कडेला करवंदीचं एक रोप उगवलं. पंत विचारात पडले. करवंद म्हणजे गवत नव्हे. उपटावं, तर निसर्गात ढवळाढवळ. मोजावं, तर गवताच्या नोंदीत करवंद. चार दिवस काटे खडखडले. पाचव्या दिवशी पंतांनी चारही गारगोट्या उचलल्या आणि बारा पावलं वर, शुद्ध गवतात नेऊन ठेवल्या. केवळ अचूकपणासाठी.

पुढच्या वर्षी घाणेरीचं झुडूप आलं. पुन्हा बारा पावलं वर. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा करवंद. मग ती सवयच झाली. मोजणीच्या आधी आपण जागा झाडून घेतो ना, तसा पंत चौकोन सरकवून घेत. आणि जागा झाडल्याची नोंद कुणी ठेवत नाही, तशी त्यांनीही ठेवली नाही.

बावीस वर्षांच्या बावीस साली जमल्या. सर्वांवर शेवटची ओळ एकच होती : गवतात बदल नाही.

त्या वर्षी फाल्गुनात टिटवी पंतांकडे आली.

मुलांनो, टिटवी अंडी कुठे घालते ते बघून सगळं जग पावसाचा अंदाज बांधतं. आणि ही टिटवी अंडी कुठे घालावीत हे पंतांना विचारायला आली होती. विद्येचा मान मोठा असतो तो असा.

"पंत, ओ पंत! हो की नाही, तेवढं सांगा."

"कशाबद्दल?"

"आधी हो नाहीतर नाही म्हणा, मग सांगते कशाबद्दल. नाहीतर तुम्ही इथेच दुपार करता."

पंतांचे काटे खडखडले. टिटवीने सुस्कारा सोडला आणि सांगून टाकलं. "खालची झुडपं वर आलीत, पंत. माझ्या जागेपासून मुंगूस पूर्वी शंभर उड्यांवर होतं. यंदा मला दहाच दिसतात. समोरच्या डोंगरावर अजून मोकळं रान आहे. जाऊ का राहू? जायचं तर आत्ताच जायला हवं. तिथे जागा धरायची म्हणजे दहा टिटव्यांशी भांडावं लागेल. भांडायला मला आवडतं, पण पोटात अंडी घेऊन नाही."

पंतांनी बावीस साली मांडल्या. पहिली पाहिली, शेवटची पाहिली, मधल्या वीसही पाहिल्या.

"पहिल्या वर्षी काड्या चार हजार एकशे बारा. गेल्या वर्षी चार हजार एकशे नऊ. तीन काड्यांचा फरक. तो माझ्या डोळ्यांचाही असेल."

"म्हणजे काय?"

"म्हणजे, हाती असलेल्या नोंदींवरून, गवत होतं तिथेच आहे."

"मग राहते."

"थांब, थांब. यात अकरा शक्यता लक्षात घ्याव्या लागतील. पहिली शक्यता..."

पण टिटवी उडून गेली होती. तिला हवं होतं ते वाक्य तिला मिळालं होतं. पंतांनी अकरा शक्यता एकट्यानेच पूर्ण केल्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी टिटवीला सांगितली नव्हती. पठारावरचं दव वर्षागणिक कमी गोठत गेलं होतं आणि गेल्या सहा वर्षांत एकदाही गोठलं नव्हतं. सोनकीची पिवळी फुलं श्रावणातच फुलून वाळून जात होती. मधमाश्या नेहमीप्रमाणे भाद्रपदात येत आणि बंद दुकानासमोर घोटाळून परत जात. हे सगळं पंतांनी पाहिलं होतं. सालींच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहूनही ठेवलं होतं. पुढच्या बाजूला लिहिलं नाही, कारण ती काड्यांची संख्या नव्हती.

चैत्रात राजाने वर पठारावर दरबार भरवला. राजा होता गवा. गव्याला दोनच रंग कळत : हिरवा आणि इतर. प्रधान होता वानर. वानराला करवंदं फार आवडत. डोंगरमाथ्यावर करवंदं येऊ लागल्यापासून त्याला राज्यकारभारात विशेष गोडी वाटू लागली होती.

"महाराज," वानर म्हणाला, "आपल्या कारकिर्दीत टक्कल हिरवं झालं. आधीच्या राजांना हे जमलं नाही."

गवा रवंथ करत म्हणाला, "आधी हिरवं नव्हतं?"

"होतं, महाराज. पण बुटकं हिरवं होतं. आता उंच हिरवं आहे."

"मग छान."

"आपण या बाबतीत विद्वानांचंही मत घेऊ. पंत, पठाराची स्थिती काय?"

पंत पुढे आले. काटे इतके खडखडत होते, की मागच्या रांगेला वाटलं, वाद्यं सुरू झाली. पंत म्हणाले, "बावीस वर्षांच्या नोंदींनुसार बदल आढळलेला नाही. परंतु..."

"ऐकलंत?" वानर ओरडला. "पंत म्हणतात, काहीही बदललेलं नाही. डोळे म्हणतात, हिरवाई वाढली. म्हणजे काहीही न बदलता सुधारणा झाली! याला म्हणतात कारभार!"

टाळ्या झाल्या. "परंतु महाराज, दवाच्या बाबतीत एक तळटीप आहे," असं पंत म्हणत होते, तेवढ्यात त्यांच्या अंगावर शाल पडली. काटे उभेच होते. शाल छत्तीस ठिकाणी फाटली आणि तंबूसारखी अधांतरी राहिली. श्रीफळ हातात देता येईना, कारण हात तंबूच्या आत होते. पंतांना फार लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर, थोडं बरंही वाटलं. भोकं पडली तरी शाल ही शालच असते.

टाळ्यांच्या आवाजात टिटवीचं ओरडणं कुणाला ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी फरक पडला नसता. टिटवी रोजच ओरडते.

दुसऱ्या दिवशी ती पंतांसमोर येऊन उभी राहिली. तिचा नवरा टिटवा मागे उभा होता. तो कधीच काही बोलत नसे. बायकोला विषय पुरत असल्यामुळे त्याला गरज पडली नव्हती.

"चार होती," टिटवी म्हणाली. "चारही गेली."

पंतांनी शाल काढून बाजूला ठेवली.

"आम्ही ओरडलो. पंख आपटले. मी पंख मोडल्याचं सोंग केलं, लंगडत लांब पळाले. उघड्या रानात ते सोंग चालतं, पंत. मुंगूस दुरून दिसतं, मग त्याला भलतीकडे नेता येतं. काल ते झुडपातून निघालं तेव्हा अंड्यांपासून एका उडीवर होतं. सोंग करायलासुद्धा थोडी जागा लागते की नाही?"

"परंतु गवत तर होतं तिथेच..."

"तुमचा पहिला चौकोन दाखवा मला."

"हा काय."

"हा यंदाचा. मी पहिला म्हणाले. माझी आई तुमच्या गारगोटीला टेकून अंडी घालायची. ती जागा मला आठवते. तुम्हाला आठवते का?"

 पंत चौकोनातून खाली चालू लागले. टिटवी पुढे, पंत मागे. थोड्याच वेळात गवत संपलं. करवंदी सुरू झाली. पंत वाकून आत शिरले आणि काट्यात काटा अडकू लागला. कुठला काटा कुणाचा, तेही कळेना. बऱ्याच वेळाने टिटवी थांबली. "ही बघा."

सावलीत, कुजक्या पानांखाली, जमिनीत चार खळगे होते. गारगोट्या बसलेल्या असतात तिथे राहतात तसे. मधल्या जागेत गवताची एक काडी नव्हती.

तिथून बारा पावलं वर आणखी चार खळगे. त्यानंतर बारा पावलांवर आणखी चार. पंत ते मोजत वर आले. वीस वेळा बारा. दोनशे चाळीस पावलं.

"गवत पळत होतं," टिटवी म्हणाली. "तुम्ही त्याच्यामागून पळत होतात. आणि दर वर्षी लिहीत होतात, बसलंय म्हणून."

पंत मटकन खाली बसले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मुलांनो, त्यांना आणखीही काही वाटलं, आणि ते त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितलं नाही. त्यांना आनंद झाला. दर वर्षी बारा पावलं! इतका सरळ निष्कर्ष त्यांना बावीस वर्षांत मिळाला नव्हता. प्रबंधाचं नावसुद्धा सुचलं. मग त्या आनंदाची लाज वाटली. मग ती लाज पुरेशी आहे की नाही, याची काळजी सुरू झाली.

"वर किती गवत उरलंय?" टिटवीने विचारलं.

"हा चौकोन. मग खडक. मग आभाळ."

"आभाळात गवत उगवतं?"

"तसा पुरावा नाही."

"मग ऐका. पंधरा दिवसांत मला पुन्हा अंडी होतील. ही विणीची शेवटची संधी. समोरच्या डोंगरावर आता जागा कोण देतंय? फाल्गुनात मिळाली असती." ती क्षणभर थांबली. त्या क्षणात पंत आणखी थोडे बुटके झाले. "गव्यांचा कळप चार दिवस इथे आला, झुडपं तुडवली गेली, तर पन्नास पावलं मोकळी होतील. मला तेवढी पुरतील. राजा तुमचं ऐकतो. कालच शाल दिलीय."

"मी बोलतो," पंत म्हणाले. आणि पुढे काहीही जोडलं नाही. टिटवा चकित होऊन बघत राहिला.

पंत डोंगर उतरून खालच्या दरबारात उभे राहिले आणि म्हणाले, "महाराज, मी चुकलो."

दरबार चिडीचूप झाला. हे वाक्य तिथे पूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं. त्यानंतर काय करायचं असतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

पंतांनी सगळं सांगितलं. करवंद, घाणेरी, गारगोट्या. "रान तापलंय, महाराज. थंडीत दव गोठायचं, त्यात झुडपांची कोवळी रोपं जळून जायची. आता दव गोठत नाही. खालची झुडपं दर वर्षी बारा पावलं चढतात. गवत त्यांच्यापुढे सरकत गेलं. आता पुढे डोंगर संपतो. ही हिरवाई वाढलेली नाही. एक हिरवं दुसऱ्या हिरव्याला खातंय."

वानर गंभीर झाला. त्याच्या हनुवटीला करवंदाचा रस लागलेला होता. "म्हणजे पंतांची बावीस वर्षांची मोजणी चुकीची?"

"मोजणी बरोबर आहे. जागा चुकीची होती."

"आणि ही चूक काढली कुणी?"

"मी. म्हणजे, टिटवीने."

"महाराज, जो बावीस वर्षं चुकला, तोच आज म्हणतोय की मी चुकलो. इतक्या वेळा चुकणाऱ्याचं हे म्हणणं तरी बरोबर कशावरून?"

पंतांना हा मुद्दा बिनतोड वाटला. हीच त्यांची जन्माची अडचण होती. समोरच्याचा मुद्दा त्यांना नेहमी आपल्यापेक्षा चांगला वाटे. तरी आज त्यांनी नेट धरला. "महाराज, एवढंच करा. आपला कळप चार दिवस वर पाठवा."

"करवंदीत?" गवा म्हणाला. "नाकाला टोचतं."

"कळपाची गरजच काय?" वानर म्हणाला. "पंतांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. गारगोट्या वर गेल्या आणि गवतही वर गेलं. मग गारगोट्या मूळ जागी नेऊन ठेवू. गवत आपोआप खाली येईल."

गव्याची रवंथ थांबली. एवढी सोपी गोष्ट त्याला अनेक दिवसांत ऐकायला मिळाली नव्हती. "हे छान आहे," तो म्हणाला. "वाजतगाजत न्या."

पंत डोंगर चढून वर आले, तेव्हा टिटवी खडकावर वाट बघत होती. "काय ठरलं?"

पंतांनी सांगितलं. तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली, मग हसली. टिटवीचं हसणं आणि रडणं बाहेरून सारखंच ऐकू येतं.

दिवस भरत आले. मोकळी जागा आता एकच उरली होती. टिटवी तिच्याकडे बघू लागली. पंत टिटवीकडे बघू लागले.

"तिथे पाऊल..." पंत म्हणाले.

"माहितीय."

"यंदाची मोजणी बिघडेल."

"पंत, आणखी दोन वर्षांनी मोजणार काय आहात?"

 पंत चौकोनातून बाजूला झाले. एवढंच नव्हे, परत आत जाऊन त्यांनी आपल्या पंजाने अंड्यांसाठी एक खळगा उकरला.

"फार खोल झाला," टिटवी म्हणाली. "व्हा बाजूला. याला अभ्यास लागत नाही."

चार अंडी झाली. मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके. तीन पावलांवरून बघितलं तरी ढेकळंच वाटावीत. दुसऱ्या दिवशी ढोल वाजवत चार रानडुकरं आली आणि चारही गारगोट्या घेऊन खाली गेली. टिटवी अंड्यांवर बसून होती. तिने डोळे मिटून घेतले होते. चौकोन गेला. गवत तेवढं राहिलं.

त्याच दुपारी मुंगूस आलं. ते फार सभ्य मुंगूस होतं.

"नमस्कार, पंत. टिटवीने पुन्हा अंडी घातली म्हणे. कुठे बरं?"

पंत घाबरले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. मारामारी त्यांनी कधी केली नव्हती. पाठीवर इतके भाले असूनही त्यांचा उपयोग त्यांनी फक्त लिहिण्यासाठी केला होता. पळून जावं, तर मागे अंडी. मग त्यांनी तेच केलं जे त्यांना येत होतं. ते प्रश्नाचं उत्तर देऊ लागले.

"'कुठे' हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरता?"

मुंगसाने इथे चूक केली. सभ्य मंडळीच ही चूक करतात. ते म्हणालं, "म्हणजे?"

"उत्तम प्रश्न," पंत म्हणाले. "स्थान दोन प्रकारचं असतं. वस्तूचं स्थान आणि आपण मानलेलं स्थान. उदाहरणार्थ, माझ्या चौकोनाचंच घ्या..."

सूर्य कलला. मुंगूस म्हणालं, "पंत, थोडक्यात सांगा."

"थोडक्यात सांगायचं तर पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल."

मुंगसाने एकदा पुढे पाऊल टाकून बघितलं. पंत तळमळून म्हणाले, "थांबा! आधी पद्धत समजून घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. माझीच गत तुमची होईल." त्या आवाजात इतकं दुःख होतं, की मुंगूस थांबलं. आणि थांबलं ते ऐकत राहिलं. पहिल्या वर्षाच्या काड्या संपायच्या आत त्याची मान छातीवर पडली. नागाला न भिणारं मुंगूस, मुलांनो, तळटीपेपुढे झोपलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आलं. पंतांनी आदल्या दिवशी जाताना म्हटलं होतं, "अंड्यांच्या मुद्द्याकडे आपण उद्या वळू." दुसऱ्या वर्षाच्या काड्या सुरू झाल्या.

तिसऱ्या दिवशी पंत अंडी विसरूनच गेले. बावीस वर्षांत त्यांना श्रोता मिळाला नव्हता. ते दव सांगू लागले. सोनकी सांगू लागले. भाद्रपदात रिकाम्या हाताने परतणाऱ्या मधमाश्या त्यांनी दोनदा सांगितल्या. सालींच्या मागच्या बाजू त्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी वाचून दाखवल्या. नवव्या दिवशी मुंगसाने अर्धवट झोपेत विचारलं, "मग पुढे?" पंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते इतक्या उत्साहाने पुढे बोलू लागले, की पाच वर्षं एका दमात संपली.

तेव्हा जन्मभर गप्प असलेला टिटवा गवतातून हळूच म्हणाला, "पंत, सावकाश. अजून एकोणीस दिवस आहेत."

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी चार पिल्लं बाहेर आली. टिटवीची पिल्लं जन्मतःच चालू लागतात. ती एकामागोमाग एक काळ्या खडकाच्या फटीत गेली. पंत तेव्हा विसाव्या वर्षात होते. मुंगूस घोरत होतं. ते फार वाळलं होतं.

पंख फुटले त्या दिवशी सगळं कुटुंब समोरच्या डोंगरावर जायला निघालं. जागेसाठी भांडायला आता सहा जण होते. टिटवी पंतांपाशी आली.

"तुम्हीही चला. खाली उतरायचं, वर चढायचं. आठ दिवस लागतील तुम्हाला."

"इथलं शेवटचं गवत किती टिकतं, ते कुणीतरी बघायला हवं."

"बघायला हवं, की सांगायला हवं?"

पंत विचार करू लागले. टिटवीने थोडा वेळ वाट बघितली. मग उडाली. तिला पंतांचा अनुभव होता.

दरबारात वानराने घोषणा केली. गारगोट्या मूळ जागी नेताच टिटवीला चार पिल्लं झाली. पठाराची प्रकृती उत्तम असल्याचा याहून मोठा पुरावा कोणता? गवताच्या पुढील अभ्यासासाठी एक समितीही नेमली. अध्यक्ष म्हणून मुंगसाचं नाव सुचवलं गेलं. या विषयावर सलग अठ्ठावीस दिवस ऐकलेला दुसरा कुणी साऱ्या राज्यात नव्हता. मुंगसाने पद स्वीकारलं आणि सांगितलं, की अंडी कुठे असतात याबद्दल निश्चित काही सांगणं आज तरी घाईचं ठरेल.

पुढच्या फाल्गुनात पठारावर टिटवी आली नाही. सकाळी पंत काळ्या खडकापाशी आले, तर खडकाच्या पायथ्याशी करवंदीचं रोप होतं. दोन पानांचं. पंतांनी इकडेतिकडे बघितलं. सरकवायला गारगोट्या नव्हत्या आणि सरकायला डोंगर नव्हता. त्यांनी दोन्ही पंजे जमिनीत रोवले आणि रोप ओढलं. मूळ पंतांपेक्षा लांब निघालं. ते पूर्ण बाहेर यायला दुपार झाली. पंजे रक्ताळले. पंतांना धाप लागली.

आणखी किती आहेत ते त्यांनी मोजलं नाही. जवळचं दुसरं धरलं.

तात्पर्य : सत्य वेळेवर सांगितलंच पाहिजे असं नाही. ते उशिरा, पण भरपूर कंटाळवाणं करून सांगावं. त्याने राजा जागा होत नाही, पण मुंगूस झोपतं. अर्थात हे तात्पर्य एका डोंगरावरच्या एकाच विणीवर आधारलेलं आहे. ते घाईने सर्वत्र लागू करू नये.